घर-परसदार : रोपांसाठी दिवा घेताना



कोकणातल्या आपल्या घरांना परसदार असते. तिथे मोरीच्या पाण्यावर पुदिना पसरतो, अळू माजते, आणि कढीपत्त्याचे झाड कुणी लावले हे कुणाला आठवतही नाही. तेच घर मुंब्र्यात, भिवंडीत किंवा मुंबईत दोन खोल्यांत आले की सगळे परसदार खिडकीच्या जाळीत मावावे लागते. समोरची इमारत अगदी भिंतीला भिंत लागेल इतकी जवळ असेल, तर त्या जाळीतही ऊन उतरत नाही. खालच्या मजल्यावरच्या कितीतरी घरांत भर दुपारीही दिवा लावूनच स्वयंपाक होतो. अशा घरातली दादी गावाहून आणलेली पुदिन्याची काडी कुंडीत खोचते, पंधरा दिवस जिवापाड पाणी घालते, आणि ती काडी लांबट, फिकट होऊन मान टाकते. यात पाण्याचा दोष नसतो, दादीच्या हाताचाही नसतो. रोप उपाशी असते. पान आपले अन्न उजेडात बनवते आणि उजेडच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

मग घरातले एखादे शिकलेले मूल मोबाइलवर ‘ग्रो लाइट’ शोधते. जांभळा झगमगीत दिवा, खोक्यावर १००० वॅटचा आकडा आणि शेजारी टोमॅटोने लगडलेल्या रोपाचे चित्र. महिन्याच्या खर्चातून काढलेले पैसे तिथे जातात आणि पुदिना पुन्हा मान टाकतो. ते पैसे वाया जाऊ नयेत म्हणून या महिन्यात आपण रोपांचा दिवा कसा निवडायचा ते पाहू.

आधी उजेड मोजा

खरेदीच्या आधी एक काम करावे. मोबाइलवर उजेड मोजणारे ‘लक्स मीटर’ मोफत मिळते. ते अगदी अचूक नसते, पण तुलनेला पुरते. दुपारी बारा वाजता जिथे कुंडी ठेवायची तिथे मोबाइल आडवा, पडदा वर करून ठेवावा. मोकळ्या मैदानात भर उन्हात आकडा एक लाखाच्या आसपास जातो. आपल्या खोलीच्या मध्यावर तो १०० ते ३०० असतो. आपल्याला दोन्ही ठिकाणी लख्ख दिसते, कारण डोळ्याची बाहुली लहानमोठी होऊन स्वतःला सांभाळून घेते. पानाला तशी बाहुली नाही. म्हणूनच ‘आमच्याकडे उजेड बरा आहे’ हा आपला अंदाज रोपाच्या कामाचा नसतो.

खिडकीत रोज दोन-तीन तास थेट ऊन येत असेल, तर पुदिन्यासाठी दिवा घेऊच नये. कुंडी तिथे सरकवावी. अल्लाहने दिलेला उजेड फुकट आहे आणि तो सर्वांत चांगला आहे.

जांभळा की पांढरा?

पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड जास्त शोषते, हे शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. त्यावरूनच पहिले एलईडी ग्रो लाइट फक्त तांबडे-निळे बनवले गेले आणि दोन्ही मिळून जांभळा रंग दिसू लागला. पण हिरवा उजेड पान अगदी परतवून लावते असे नाही. बराचसा हिरवा उजेडही कामी येतो, उलट तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत जास्त खोल जातो.

साधा पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळसर लेप असतो, तो निळ्या उजेडाचा काही भाग हिरव्या-पिवळ्या-तांबड्यात बदलतो आणि सगळे मिळून पांढरे दिसते. हा निळा एलईडी शोधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पांढऱ्या दिव्यात रोपाला लागणारे सगळे रंग असतात. पालेभाजीसाठी खोक्यावर ४००० के ते ६५०० के असे लिहिलेला दिवा चालतो.

पांढऱ्याचा आणखी एक फायदा घरातल्या बाईला लगेच कळेल. जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की काळे, मावा लागला की नाही, काहीच कळत नाही. शिवाय स्वयंपाकघरात बारा तास जांभळा उजेड डोळ्यांना नकोसा होतो.

वॅट म्हणजे काय मोजले?

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो, हे वॅट सांगत नाही. ते ल्युमेनमध्ये लिहिलेले असते. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास देतो. खोक्यावरचा १००० वॅट हा आकडा बहुधा ‘इतक्या वॅटच्या जुन्या दिव्याच्या तोडीचा’ असा अर्थ पोटात ठेवून छापलेला असतो. खरी वीज किती लागते ते कुठेतरी बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच.

आपल्या दीनमध्ये माप-तोल ही लहान गोष्ट नाही. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी एक स्वतंत्र सूरह, अल-मुतफ्फिफीन, पवित्र कुरआनमध्ये आहे. विकणाऱ्याने माप खरे द्यावे आणि घेणाऱ्यानेही ते तपासून घ्यावे. तपासायची सोय प्रत्येकाच्या घरी आहे, ती म्हणजे विजेचे मीटर.

मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेले असते. समजा, तो आकडा ३२०० आहे. फ्रीजसह घरातले सगळे बंद करा, फक्त नवा दिवा लावा आणि दहा मिनिटे लुकलुक मोजा. दिवा खरोखर १००० वॅटचा असता तर साधारण ५३३ वेळा लुकलुकले असते. ५३ वेळाच लुकलुकले, तर दिवा १०० वॅटचा आहे. दहा मिनिटांची मोजणी गुणिले सहा, भागिले मीटरवरचा आकडा, गुणिले हजार म्हणजे वॅट. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्यावे. पुस्तकातले गुणोत्तर त्यांना असे कधी दिसत नाही.

किती दिवे, किती जवळ?

आपल्या घरांना सोसणारा उपाय ग्रो लाइट नावाच्या खोक्यात नसून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आहे. दोन फुटी, १० वॅटची साधी पांढरी एलईडी पट्टी, जिला दुकानदार बॅटन म्हणतात, ती घ्यावी. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर अशा दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या, तर पानावर साधारण ७,००० लक्स पडतात. तीन लावल्या तर १०,००० च्या थोडे वर.

पुदिना, मेथी आणि कोवळी राई यांना रोज १४ तास ५,००० ते ७,००० लक्स मिळाले तरी त्या वाढतात. म्हणजे दोन पट्ट्या पुरल्या. कोथिंबिरीला १०,००० हवेत, म्हणजे तीन पट्ट्या. पण तिला १२ तासच द्यावेत. दिवस लांबला आणि उकाडा वाढला की कोथिंबीर पाने सोडून फुलावर जाते. टोमॅटो, मिरचीला ३०,००० च्या पुढे लागतात. घरातल्या फळीवर त्या नादाला लागू नये.

यात अंतर फार महत्त्वाचे. पट्टी पानाच्या शेंड्यापासून वीतभरच वर असावी. छताच्या दिव्याखाली कुंडी ठेवून काही होत नाही. गोल बल्ब असेल, तर अंतर दुप्पट होताच उजेड चौथाईवर येतो. म्हणून पट्टी साखळीने किंवा दोरीने टांगावी आणि रोप वाढेल तशी वर घ्यावी. पानाच्या जागी हाताची मागची बाजू धरून पाहावी. गरम लागले तर पट्टी थोडी वर. रोप लांबट होऊन वाकले तर पट्टी खाली. फळीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद किंवा पांढरा रंग लावला तर बाहेर सांडणारा उजेड पुन्हा रोपाकडे येतो. हा सर्वांत स्वस्त दिवा समजावा.

खर्चाचा खरा हिशेब

दोन पट्ट्या, २० वॅट, रोज १४ तास. महिन्याला साधारण साडेआठ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ६७-६८ रुपये. कोथिंबिरीच्या तीन पट्ट्या १२ तासांच्या हिशेबाने ११ युनिटच्या आत, म्हणजे ८६-८७ रुपये. ज्यांचे बिल १०० युनिटच्या काठावर असते त्यांनी हेही पाहावे की ती पायरी ओलांडली की पुढच्या युनिटचा दर वाढतो.

आता स्पष्ट बोलू. एवढ्या फळीवर महिनाभरात जेवढी कोथिंबीर निघते, तेवढी मंडईत बहुतेक दिवस याहून स्वस्त मिळते. पावसाळ्यात जुडी महागते तेव्हाच काय ती बरोबरी. म्हणून बचत होईल या आशेने हा दिवा घेऊ नये. बचतच हवी असेल तर कुंडीऐवजी ताटात मेथी किंवा राई दाट पेरावी. ती आठ-दहा दिवसांत कापायला येते आणि खिडकीच्या उजेडावरही भागते.

मग दिवा कुणी घ्यावा? ज्या घरात गावचे परसदार सोडून आलेले म्हातारे माणूस दिवसभर चार भिंतींत बसून असते त्यांनी. ज्या घरातल्या मुलांनी धणा रुजताना कधी पाहिला नाही त्यांनी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोप लावण्याला सदका म्हटले आहे, त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने जे खाल्ले त्याचाही. महिन्याचे सत्तर रुपये या कामाला लागले तर तो इस्राफ नव्हे. कुणी नसलेल्या खोलीत जांभळा दिवा रात्रभर जळत राहिला, तर तो मात्र इस्राफ आहे.

जपायचे ते

पाणी आणि वीज एका फळीवर येतात, म्हणून खोक्यावर बीआयएसचे मानक चिन्ह पाहूनच दिवा घ्यावा. पिन तीन कांड्यांची आणि सॉकेटला अर्थिंग असावे. वायर फळीवरून थेट सॉकेटकडे न नेता आधी खाली लोंबू द्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडते. पाणी घालण्यापूर्वी बटण बंद. लहान मुलांना दिव्याकडे टक लावून पाहू देऊ नये.

वेळ पाळण्यासाठी सॉकेटमध्ये बसणारा टायमर मिळतो. तो नसला तरी आपल्या घरात वेळ सांगणारे काय कमी आहे? फजरची नमाज झाली की दिवा लावावा, मगरिबची अजान झाली की बंद करावा. साधारण तेवढेच तास रोपाला लागतात. रात्रीचा अंधारही त्याला द्यावा. रमजानमध्ये सहरीला स्वयंपाकघर जागे असले तरी रोपांचा दिवा वेळेआधी लावू नये.

थोडक्यात, दुकानात जाताना तीन प्रश्न घेऊन जावेत. खरी वीज किती लागते? ल्युमेन किती? माझ्या फळीची लांबी-रुंदी किती आणि दिवा किती जवळ टांगता येईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जो दुकानदार खोका उलटून दाखवील त्याच्याकडून घ्यावे. तिसऱ्याचे उत्तर घरूनच मोजून न्यावे.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, भाजीची देठे, फळांची साले आणि चहाचा चोथा यांपासून दोन खोल्यांच्या घरात वास न येता खत कसे करायचे ते पाहू.