कवळीआधी दात वाचवा



‘वय झालं, आता दात जायचेच’ हे वाक्य कर्जत-खालापूरच्या गावांत आणि आदिवासी वाड्यांवर सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. उतारवयात दात जातात ते मुख्यतः किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने, आणि हे दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येते.

वयाबरोबर अनेकांच्या हिरड्या मागे सरतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर कठीण कवच नसल्याने तिथे कीड चटकन शिरते. रक्तदाब, नैराश्य यांवरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की कीड आणखी बळावते. त्यात आपल्याकडची मशेरी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड आजी बोटाने हिरड्यांवर चोळत बसते. ठणका घटकाभर थांबल्यासारखा वाटतो, हिरडी मात्र खराब होत जाते. मग चावता येईना म्हणून तांदळाची भाकरी गोड चहात कुस्करायची, दुपारी पुन्हा चहा-बिस्कीट. दात किडवणारी साखरच दिवसभर त्या दाताला चिकटून राहते.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मिळते. ती मिळायलाच हवी. पण दात गेल्यावर मदत आणि दात असेपर्यंत दुर्लक्ष, हे धोरण योग्य नाही. फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना ब्रश, आणि उघड्या मुळांवर ठरावीक महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, एवढ्यानेही पुष्कळ दात टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. यातले सिल्व्हर डायअमाइन लावून कीड थोपवता येते, तर सिमेंट हातच्या अवजारांनी भरता येते. दोन्हींना ड्रिल लागत नाही, म्हणून हे उपचार वाडीजवळच्या उपकेंद्रातही होऊ शकतात.

‘इतके दंतवैद्य आणायचे कुठून?’ असे कोणी विचारेल. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहेच. कर्करोगासाठी तोंड उघडून पाहिले जाते, तेव्हाच दातांची मुळे आणि हिरड्याही पाहाव्यात. आरोग्यसेविकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे आणि दंतवैद्याने ठरलेल्या दिवशी उपकेंद्रात येऊन वार्निश व भरणीचे काम करावे.

रायगड जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने याची सुरुवात कर्जत आणि खालापूर तालुक्यांपासून करावी, ही विनंती. आणि वाचकहो, घरातल्या आजी-आजोबांना मशेरीऐवजी ब्रश द्या. हात थरथरत असतील, तर रात्री दात तुम्ही घासून द्या. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

– एक वाचक, कर्जत (जि. रायगड)