‘क्ष’ची खोली आणि न बोललेले वाक्य

१८९५च्या ८ नोव्हेंबरला जर्मनीतील वुर्ट्सबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना जे किरण सापडले, त्यांचे स्वरूप त्यांना स्वतःलाही उमगले नव्हते. म्हणून बीजगणितात अज्ञात राशीसाठी वापरले जाणारे अक्षर त्यांनी त्या किरणांना दिले. मराठीने हे नाव स्वीकारताना ते अक्षर तसेच उचलले नाही. शाळेच्या फळ्यावर अज्ञात राशीसाठी आपण जे ‘क्ष’ लिहीत आलो, तेच तिने पुढे केले. अक्षराचे लिप्यंतर न करता त्यामागच्या अज्ञाताचे भाषांतर करणारा ‘क्ष-किरण’ हा शब्द म्हणूनच आपल्या परिभाषेतील एक उत्तम शब्द मानावा लागेल. पुढे त्या किरणांचे स्वरूप कळले. नाव मात्र अज्ञाताचेच राहिले, आणि ज्या खोलीत हे किरण रोज वापरले जातात त्या खोलीला ते आजही शोभते. तिथे आत जाणाऱ्या माणसाला आपल्या शरीरात काय आहे ते माहीत नसते. बाहेर येतानाही ते त्याला माहीत नसते. दरम्यान ते पाहिलेला एक माणूस मात्र आत असतो, आणि तो बोलत नाही.

या माणसाविषयी मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी विचार करावा, असे मला वाटते. त्याचा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषेचाही आहे.

बोलीभाषेत त्याच्या कामाला ‘फोटो काढणे’ म्हणतात. ‘छातीचा फोटो काढून आणा’ हे वाक्य नाशिकच्या कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. सोय म्हणून हा शब्द वाईट नाही, पण त्याने एक गैरसमज रूढ केला: यंत्र चित्र काढते, माणूस फक्त कळ दाबतो. प्रत्यक्षात छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रासाठीही रुग्णाला पडद्याकडे तोंड करून उभे करावे लागते. हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे वळवलेले असावे लागतात, म्हणजे पाठीची फावडी फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. किरणांची नळी सुमारे सहा फुटांवर ठेवावी लागते. मग पूर्ण श्वास घ्यायला लावून तो रोखायला सांगायचा. श्वास अर्धवट राहिला तर हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते आणि फुप्फुसांचा तळ धूसर होतो. निरोगी माणूस चित्रात आजारी भासू शकतो. उभे राहू न शकणाऱ्या रुग्णाचे चित्र समोरून घेतले, तर पडद्यापासून दूर गेलेल्या हृदयाची सावली फुगते. मोडलेल्या हाडाचे चित्र किमान दोन दिशांनी घ्यावे लागते, कारण एका दिशेने पाहताना तडा लपून राहू शकतो.

म्हणजे आपण ज्याला फोटो म्हणतो ती एक सावली आहे. ती कोणत्या अंतरावरून, कोणत्या कोनातून आणि श्वासाच्या कोणत्या क्षणी पडू द्यायची हे ठरवणारा माणूस ती रचत असतो. ‘छायाचित्र’ हा शब्द आपण कॅमेऱ्याच्या फोटोला देऊन बसलो; खरे पाहता तो याच चित्राला अधिक लागू पडतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे नाते चटकन कळेल. हाती आलेल्या संहितेचा अर्थ लावणारा भाष्यकार वेगळा आणि ती संहिता शुद्ध स्वरूपात सिद्ध करणारा संपादक वेगळा. रेडिऑलॉजिस्ट हा भाष्यकार, तर रेडिओग्राफर हा संपादक. संपादन चुकले तर भाष्य कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी ते चुकीच्या पाठावरचे भाष्य ठरते.

संपादकांच्या वाट्याला येणारे विस्मरणही या व्यवसायाच्या वाट्याला आले आहे. एडिसनने क्ष-किरणांवर केलेल्या प्रयोगांचा उल्लेख पुस्तकांत सापडतो. त्या प्रयोगांत वर्षानुवर्षे आपले हात किरणांखाली धरणारा त्याचा सहायक क्लॅरन्स डॅली १९०४ मध्ये कर्करोगाने गेला, हे थोड्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी सुमारे १५० स्त्रियांना क्ष-किरण यंत्रे चालवायला शिकवले. त्यांतील किती जणींची नावे आपल्याला माहीत आहेत? १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे क्ष-किरणांच्या कामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर सुरुवातीला १६९ नावे कोरली होती.

आपल्याकडे सरकारी कागदांवर ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ आणि ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ अशी पदनामे आहेत. केंद्रीय पातळीवर या व्यावसायिकांना कायद्याची स्वतंत्र ओळख मिळाली ती मात्र २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने. साहित्यात तेवढीही नाही. मराठीत डॉक्टरांची आत्मकथने आहेत, रुग्णांची अनुभवकथने आहेत, परिचारिकाही कथांतून भेटतात. क्ष-किरण विभागातला हा माणूस निदान माझ्या वाचनात तरी कुठे ठळकपणे आलेला नाही. टोमास मान यांच्या १९२४च्या ‘द मॅजिक माउंटन’ या कादंबरीत नायक क्ष-किरणांखाली स्वतःच्या हाताचा सांगाडा पाहतो आणि आपण मरणार आहोत याची त्याला पहिल्यांदा जाणीव होते. त्या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तोही पाहिल्या जाणाऱ्याचा अनुभव आहे. दिवसाला पन्नास-साठ अनोळखी शरीरांच्या आत डोकावून संध्याकाळी घरी भाजी घेऊन जाणाऱ्याचा अनुभव अजून लिहिला जायचा आहे.

त्या अनुभवाच्या केंद्रस्थानी आहे ते मौन. सीटी स्कॅनचे काप पडद्यावर उमटू लागले की वर्षानुवर्षे हे काम केलेल्या रेडिओग्राफरला मेंदूतला रक्तस्राव किंवा फुप्फुसातली गाठ अनेकदा सर्वांच्या आधी दिसते. काचेपलीकडे रुग्ण झोपलेला असतो. काही मिनिटांनी तो उठतो, चपला शोधतो आणि विचारतो, ‘काय आलं हो फोटोत?’ निदान सांगण्याचा अधिकार रेडिओग्राफरला नाही, आणि तो नसणे योग्यच आहे. चित्रातली पांढरी छटा म्हणजे क्षयरोग, न्यूमोनिया की कर्करोग, हे केवळ चित्रावरून ठरत नाही. रुग्णाचा इतिहास, तपासणी आणि आधीची चित्रे यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. घाईने उच्चारलेला एक शब्द एखाद्या कुटुंबाची रात्र उद्ध्वस्त करू शकतो, आणि सकाळी तो चुकीचा ठरू शकतो.

याच विभागात मौनाचा आणखी एक प्रकार नांदतो. सोनोग्राफीच्या दारावर गर्भलिंग सांगितले जात नाही अशी पाटी लावावी लागते. १९९४च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा ठरवले आहे. तिथले मौन कायद्याने लिहून ठेवलेले, भिंतीवर टांगलेले आणि म्हणून सर्वांना समजणारे आहे. रेडिओग्राफरच्या मौनाला अशी पाटी नाही. ते का पाळले जाते हे रुग्णाला कोणी सांगत नाही. म्हणून ते मौन तो वाचू लागतो.

काव्यशास्त्राच्या तासाला आपण व्यंजना शिकवताना सूर्यास्ताच्या वाक्याचे जुने उदाहरण देतो. सूर्य मावळला, एवढेच विधान; पण गुराख्याला त्यातून गुरे परतवण्याची वेळ कळते, चोराला चोरीची, प्रेयसीला भेटीची. क्ष-किरण विभागातले प्रत्येक वाक्य असेच ऐकले जाते. ‘अजून एक फोटो घ्यावा लागेल’ याचा वाच्यार्थ बहुधा इतकाच असतो की रुग्ण हलला. रुग्ण ऐकतो ते असे: काहीतरी सापडले. ‘डॉक्टर सांगतील’ हे वाक्य नियमाला धरून आहे, पण बोलणाऱ्याने ते नजर चुकवून म्हटले तर तेच निदान होते. सर्वांत धोक्याचे वाक्य म्हणजे आपले प्रेमळ, मराठमोळे ‘काही नाही हो, मावशी’. बोलणाऱ्याला म्हणायचे असते, घाबरू नका. ऐकणाऱ्या मावशींना कळते, आजार नाही. चार दिवसांनी अहवाल वेगळा आला की त्या मावशींचा त्या विभागातल्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो.

माझे म्हणणे एवढेच की हे मौन राखायला हवे, पण ते शब्दहीन असू नये. निदान सोडून सांगण्यासारखे पुष्कळ असते: चित्र स्वच्छ आले आहे, दुसरे घेतले ते श्वास मध्येच सुटला म्हणून, ते वाचणारे डॉक्टर वेगळे आहेत, अहवाल अमुक वेळी, अमुक खिडकीवर मिळेल, त्रास वाढला तर थांबू नका. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, अधिकारात बसणारे आहे आणि रुग्णाच्या मनातली भीती एका पावलाने तरी मागे सारणारे आहे.

इथे शब्दांवर प्राणही अवलंबून असतात. एमआरआयचे चुंबक नेहमीच चालू असते. दीड टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट बलवान असते. रुग्ण आत नसतानाही ते झोपत नाही. पण ‘मशीन चालू आहे’ आणि ‘मशीन बंद आहे’ या आपल्या रोजच्या वाक्यांत ही गोष्ट मावत नाही, कारण आवाज थांबला की मराठी माणसाच्या लेखी यंत्र बंद. २०१८च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन अशा खोलीत गेला, चुंबकाकडे खेचला गेला आणि मरण पावला. ‘लोखंड आत नेऊ नका’ एवढी सूचना पुरत नाही. हे चुंबक कधीच बंद नसते, हे साध्या मराठीत सांगणारे वाक्य घडवावे लागते.

अशी वाक्ये अनुभवी लोक घडवतातही. ‘श्वास रोखून धरा’ हे पुस्तकी वाक्य ऐकून गोंधळणारे सुरगाणा-पेठकडचे म्हातारबाबा ‘बाबा, दम धरा’ म्हटल्यावर स्तब्ध उभे राहतात. ‘दम धरा’ या दोन शब्दांत श्वास थांबवणेही आले आणि धीर धरणेही आले. कोणत्याही परिभाषा समितीला सुचणार नाही असा हा शब्दप्रयोग. त्याची नोंद कोणी घेतलेली नाही, कारण त्या खोलीत भाषेचे कोणी जात नाही.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे. कुसुमाग्रजांचे हे गाव दर २७ फेब्रुवारीला मराठीच्या गौरवाने दुमदुमते. तरीही या दोन गोष्टींची गाठ पडत नाही. तंत्रज्ञांचे शिक्षण मुख्यतः इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून होते आणि त्यांचे काम जवळजवळ पूर्णपणे मराठीत, अहिराणीत, कोकणा बोलीत चालते. या दोहोंमधला पूल प्रत्येकाने एकट्याने, चुकत-माकत बांधायचा, अशी आजची रीत आहे. ‘व्यावहारिक मराठी’ या नावाखाली आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकवतो. क्ष-किरण विभागातला संवाद त्यात का नसावा? एम.ए.च्या विद्यार्थ्याने तिथल्या सूचनांचा, संबोधनांचा, टाळलेल्या उत्तरांचा अभ्यास का करू नये? असा प्रकल्प परवानगी घेऊन, रुग्णाची गुप्तता राखून करता येईल, आणि त्यातून तयार झालेली शंभर साधी वाक्ये एखाद्या चर्चासत्राच्या शोधनिबंधांपेक्षा अधिक कामी येतील.

रेडिओग्राफरच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्याच्या शरीरावर किती प्रारण पडले ते तो बिल्ला साठवतो, आणि साधारण दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्याचे मोजमाप होते. किरणांची मात्रा अशी मोजता येते. पाहिले आणि सांगता आले नाही, त्याची मात्रा मोजणारा बिल्ला नाही. ती नोंद भाषेलाच ठेवावी लागेल, आणि ते काम आपले आहे.