वाकू नका म्हणणाऱ्यांना

‘खाली वाकू नका, जड उचलू नका.’ फिजिओथेरपीच्या शिबिरात बायकांना मिळणारा हा सल्ला ऐकला की मला संताप येतो. आमच्या लोहारा परिसरात कापूस वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. ती वाकली नाही तर चूल पेटणार कशी? घरी परतल्यावर पाणी, सरपण, शेणगोठा आहेच. त्याला तर मजुरीही नाही!

मुंबईत १९५२ साली पोलिओची साथ आली आणि १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. लोकांच्या गरजेतून हे शास्त्र इथे रुजलं. आज त्याचे वर्ग मुलींनी भरलेले आहेत, शिकवणाऱ्याही पुष्कळ बायकाच. मग संशोधनाचे विषय संगणकापुढची मान आणि खेळाडूचा गुडघा हेच का? कारण बढतीसाठी छापलेले निबंध मोजले जातात. कॉलेजातल्याच मुलांची मान मोजून निबंध लवकर होतो. वेचणीचा अख्खा हंगाम वावरात कोण घालवणार?

‘खेड्यातल्या बायका बोलत नाहीत,’ ही सबब चालणार नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. विचारणारं कोणी भेटलं की बायका बोलतात.

अंग बाहेर येण्याच्या सुरुवातीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. हे ज्ञान फिजिओथेरपीकडे आहे. पण वेचणारीपर्यंत ते पोचतच नाही. तिच्या वाट्याला दुखणं थांबवायची गोळी, नाहीतर ‘पिशवी काढून टाका’!

आरोग्य संवर्धन म्हणजे भिंतीवरचे तक्ते नव्हेत. १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने उत्पन्न, अन्न, निवारा आणि सामाजिक न्याय यांना आरोग्याचा पाया म्हटलं. मग कंबरदुखीच्या अभ्यासात मजुरीचा दर का नको?

प्राध्यापक बाईंनो, आमची मागणी साधी आहे. एक हंगाम वावरात या. ओटीतल्या कापसाचं वजन करा, खुरप्याचा दांडा तपासा, घरकामाचे तास कामात धरा. आणि निष्कर्ष छापायला पाठवण्याआधी गावातल्या बायकांपुढे वाचा. दुखणं त्यांचं आहे; त्यावरचं ज्ञान आधी त्यांना मिळालं पाहिजे.