शांततेला दिवाळीची सुटी नको

पोळा फुटला की हिंगोली जिल्ह्यात बहुतेक कामांना एकच उत्तर मिळू लागते: आता दिवाळीनंतर बघू. घराचे प्लॅस्टर, मुलीची सोयरीक, अडलेली मोजणी, सगळे दिवाळीनंतर. त्यात कुणाचे फारसे बिघडत नाही. पण याच यादीत गल्लीतली आठवड्याची शांतता बैठक जाऊन बसते, तेव्हा हरकत घ्यावी लागते. ठरल्या वारी वेगवेगळ्या समाजांच्या माणसांनी अर्धा तास एकत्र बसायचे, गल्लीत काय शिजते आहे ते एकमेकांना सांगायचे, जाताना चौकात पाच मिनिटे शांत उभे राहायचे, एवढाच हा उपक्रम. गणपतीपासून दिवाळीपर्यंत तो बंद ठेवा, असे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत आणि म्हणूनच खोडण्यासारखेही.

पहिला मुद्दा वेळेचा. सोयाबीन काढणीला आलेले, मजूर मिळत नाही, व्यापाऱ्याचा वर्षाचा धंदा याच दोन महिन्यांत, पोरे मांडवात, बाया फराळात. बैठकीला येणार कोण? अडचण खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. दिवाळी आली म्हणून आठवडी बाजार कुणी बंद ठेवत नाही. उलट तेव्हाच तो दुप्पट भरतो, कारण गरज तेव्हा दुप्पट असते. बैठकीचेही तसेच आहे. एरवी श्रावणात तिच्यापुढे बोलायला विषय नसतो. भाद्रपदात मात्र मिरवणुकीचा मार्ग असतो, कमान कुणाच्या दारात येते हा प्रश्न असतो, डीजे अजानच्या वेळी मशिदीसमोर पोहोचणार का ही चिंता असते. काम नसताना भरवायची आणि काम आले की मोडायची, ही बैठकीची कुठली रीत?

दुसरा मुद्दा पोलिसांचा. ठाण्यात शांतता समिती आहे, राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 तर हिंगोलीतच आहे. मग गल्लीतल्या चार माणसांनी ही उठाठेव का करावी? बंदोबस्ताबद्दल आदर ठेवून सांगायचे, तर पोलिसांचे बळ गर्दी जमल्यावर दिसते. त्याआधी त्यांच्या हातात नोटिसा असतात. पूर्वी त्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली निघत, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली निघतात. नोटीस माणसाला गप्प करू शकते, शेजाऱ्याशी बोलते करू शकत नाही. ठाण्यातली समिती सणाच्या तोंडावर बसते. साहेब सूचना वाचतात, पुढारी सहकार्याचे आश्वासन देतात, चहा होतो, फोटो निघतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत, हे तिथे दरवर्षी सांगितले जाते. पण दहाला पाच कमी असताना नेमक्या कोणत्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला तर आवाज बंद होईल, हे गल्लीलाच माहीत असते.

तिसरा मुद्दा मनाचा. सणाच्या दिवसांत भांडणतंट्याची भाषा कशाला, चांगल्या घरात अभद्र बोलू नये. ही भावना जुनी आहे आणि तिचा अवमान करण्याचे कारण नाही. पण बैठकीत दंग्याच्या गोष्टी सांगत बसायचे कुणी सांगितले? उद्याच्या विसर्जनाला पाण्याचे पिंप कोण ठेवणार, ईदच्या शिरखुर्म्याला कोण कुणाकडे जाणार, पणत्या लावायच्या चौकातला बंद दिवा कधी दुरुस्त होणार, हे बोलणे अभद्र नाही. अभद्र आहे ते मोबाइलवर रात्री अकरा वाजता येणारे निनावी चित्रण, कुठल्या तरी गावचे, कुठल्या तरी वर्षाचे, आणि खाली लिहिलेले ‘आपल्याच भागातले’. अशा निरोपाने काय होते ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने 1 जुलै 2018 रोजी दाखवले. मुले पळवणारे म्हणून पाच निरपराध भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. ज्याला फोन करून ‘हे खरे आहे का’ असे विचारता येईल असा पलीकडचा माणूस ओळखीचा असणे, हाच त्यावर उतारा.

चौथा मुद्दा अभिमानाचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. आपल्याकडे काही होत नाही, हे म्हणणे निराधार नाही. ज्या गावचा नवसाचा विघ्नहर्ता चिंतामणी गड्डेपीर गल्लीत बसतो आणि अनंत चतुर्दशीला मोदकासाठी तिथे दूरदूरच्या भाविकांची रांग लागते, ज्या गावाने दीडशेहून अधिक वर्षे सार्वजनिक दसरा सांभाळला, ज्या जिल्ह्यात नामदेवांची नर्सी आहे, त्याने स्वतःविषयी चांगले बोलावे. पण पुण्याईवर विसंबून राहण्याचे दिवस सरले आहेत. तेढ आता दोन धर्मांतच राहिलेली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये याच हिंगोलीत ओबीसींचा एल्गार मेळावा झाला. 6 जुलै 2024 रोजी मराठा आरक्षणाची शांतता रॅलीही हिंगोलीतूनच निघाली. दोन्ही बाजूंना आपली मागणी मांडण्याचा पुरेपूर हक्क आहे. मात्र त्या काळात एकमेकांच्या दुकानाची पायरी टाळण्यापर्यंत गोष्टी गेल्याच्या बातम्या मराठवाड्यातूनच आल्या. पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर जेवलेल्यांची ही गत होत असेल, तर ‘आपल्याकडे काही होत नाही’ हे वाक्य दर आठवड्याला तपासून घ्यावे लागेल.

पाचवा मुद्दा आकड्याचा. येतात तीच पाच-सात टाळकी, मग ती नसली तर काय अडले? तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी शांततेची प्रार्थना होत असे. सुरुवातीच्या वर्षांत तिला मोजकीच माणसे येत. 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारी मात्र सुमारे सत्तर हजार माणसे रस्त्यावर उतरली आणि बंदुका घेऊन उभ्या असलेल्या राजवटीला गोळी झाडता आली नाही. ब्युनोस आयर्सच्या चौकात 30 एप्रिल 1977 रोजी बेपत्ता मुलांसाठी उभ्या राहिलेल्या आया अवघ्या चौदा होत्या. पुढे त्या दर गुरुवारी त्याच चौकात जमू लागल्या आणि त्यांचा गुरुवार जगाला ठाऊक झाला. त्या लढाया वेगळ्या होत्या, आपल्या गल्लीला कुठली राजवट उलथायची नाही. पण ठरलेला वार आणि ठरलेली जागा यांचा उपयोग तोच आहे: अडचणीच्या दिवशी लोकांना कुठे जायचे ते आधीपासून माहीत असते. पाच माणसांचे काम गर्दी करणे नाही, जागा राखणे आहे.

आक्षेप इतके. आता आपली बाजू नुसत्या सदिच्छेवर उभी नाही, हे दाखवायला हवे.

भिवंडीत 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. 1984 मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्लावार समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे, भागातला पोलीस आणि नियमाने भरणाऱ्या बैठका. विषय साधे, गल्लीतले किरकोळ तंटे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारच्या मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने, 900 माणसे मेली. दंगलीसाठीच बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे खोपड्यांच्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या आपल्या ग्रंथात देशातल्या शहरांची तुलना करून मांडलेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: नुसती शेजारची ओळख शहरातल्या वणव्यापुढे टिकत नाही, दोन्ही समाजांना बांधणारी संघटित रचना टिकते. कुणी म्हणेल, जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत रक्त सांडले. सांडले, पोलीस ठाण्याच्या जागेवरून पेटलेल्या वादात पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारले. पण तो तंटा जमाव आणि पोलिसांमधला होता, दोन मोहल्ल्यांमधला नव्हता. त्यातून शिकायचेच तर हे, की समिती एकदा स्थापन करून भागत नाही, ती सतत भरावी लागते.

दुसरा दाखला ताजा आहे. 28 सप्टेंबर 2023 रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. राज्यातल्या अनेक शहरांत मुस्लिम समाजाने आपला जुलूस आपणहून दुसऱ्या दिवशी नेला आणि शासनाने 29 सप्टेंबरची सुटी जाहीर केली. मोठ्या मनाचा हा निर्णय आदल्या रात्री होत नाही. त्याआधी दोन बाजूंची माणसे एकमेकांसमोर बसलेली असावी लागतात. हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, आपल्या पंचांगात अधिकमास. त्यामुळे सण कधी एकमेकांत येणार हे वर्षभर आधी कळते. 14 मार्च 2025 ची धुळवड रमजानच्या शुक्रवारी येणार, हेही कॅलेंडरवर लिहिलेले होते. ठाऊक असलेल्या तारखेला गाफील राहणे याला निमित्त नाही.

आणि नेम ही गोष्ट या मातीला कुणी बाहेरून शिकवायची नाही. वारकऱ्याची एकादशी पंधरा दिवसांनी येते, जुम्मा दर आठवड्याला येतो. घरात लगीनसराई आहे म्हणून एकादशी पुढच्या पक्षात ढकलत नाहीत. शांततेच्या बैठकीला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

मागणी थोडी आहे. वार तोच ठेवा, वेळ हवी तर आरतीनंतरची करा. एका आठवड्याला मांडवात बसा, दुसऱ्याला दर्ग्याच्या ओट्यावर, तिसऱ्याला बुद्धविहारात. ‘तीच टाळकी’ हा आक्षेप खोटा पाडायचा तर मंडळाची पोरे आणि घरातल्या बाया बोलवा. पोलिसांना पाहुणे म्हणून बोलवा, यजमान करू नका. सण उरकला की त्याच आठवड्यात पुन्हा बसा आणि काय चुकले ते स्पष्ट बोला.

सुटी घ्यायचीच असेल तर ज्या आठवड्यात गावात कुठली मिरवणूक नाही, कुठला मेळावा नाही, कुणाच्या मोबाइलवर चिथावणीचा निरोप आलेला नाही, त्या आठवड्यात खुशाल घ्यावी. असा आठवडा सापडला, तर.