कमानीवरचे साल आणि कोड्यातला पूल

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात सेव्हर्न नदीच्या घळीवर जगातील पहिला मोठा ओतीव लोखंडी पूल उभा आहे. ‘आयर्न ब्रिज’ या नावानेच तो ओळखला जातो. काठावरच्या गावालाही त्याचेच नाव मिळाले. त्याच्या कमानीवर रोमन अंकांत १७७९ हे साल ओतलेले आहे. जिओकॅशिंगचे कोडे रचणाऱ्याचे हात असा आकडा दिसताच शिवशिवू लागतात.

हा खेळ तसा तरुणच. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम राखलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर याने एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जगजाहीर केले. पुढे नुसत्या शोधाने भागेना, म्हणून कोडी आली. ऐतिहासिक वास्तूंवरील कोड्यांचा एक ठरीव साचा आहे: शिलालेखावरचे साल वाचा, त्याचे चार अंक सूत्रात घाला, मिळालेल्या जागी डबा शोधा.

या साच्याचे समर्थक म्हणतात, निदान माणूस पुलापर्यंत येतो तरी. येतो खरा, पण चार अंक टिपायला लागतो तेवढाच वेळ तो पुलाकडे पाहतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, हा साचा कोरीव आकड्याला प्रश्नातीत करून टाकतो. आयर्न ब्रिजची मुख्य कमान १७७९ मध्ये उभी राहिली, हे खरेच आहे. पण वाहतुकीसाठी पूल खुला झाला तो १ जानेवारी १७८१ रोजी. हे ठाऊक असलेल्या अभ्यासू शोधकाने सूत्रात १७८१ घातले, तर तो काटेरी झुडपात जाऊन पोहोचेल आणि काही न वाचता आकडा उतरवून घेणाऱ्याला डबा मिळेल. इतिहासाच्या नावाने मांडलेल्या खेळात इतिहास जाणणाराच हरावा, याला काय म्हणावे? (पुण्यातला लाकडी पूल लाकडी उरला नाही त्याला किती पिढ्या लोटल्या, नावावरून उत्तर मागणाऱ्याची तिथे चांगलीच फजिती व्हायची.)

आणि १७७९ हा आकडा किती गोष्टी झाकतो! या लोखंडी पुलाची कल्पना मांडली आणि आराखडा केला तो श्रूजबरीचा वास्तुकार थॉमस फार्नोल्स प्रिचर्ड याने. काम सुरू होते न होते तोच, डिसेंबर १७७७ मध्ये, तो वारला. पूल तडीस नेला कोलब्रुकडेलच्या भट्टीचा मालक तिसरा एब्रहॅम डार्बी याने. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि त्याचे कर्ज डार्बीने आयुष्यभर वाहिले. कमानीवरच्या ओतीव ओळीत ओतकामाचे ठिकाण आणि साल आहे. प्रिचर्डचे नाव नाही. शिवाय दक्षिण तीराकडच्या ज्या छोट्या लोखंडी कमानी आज दिसतात, त्या मूळच्या नव्हेतच. घळीचा उतार सरकत राहिल्याने तिथले दगडी बांधकाम १८०२ मध्ये उतरवावे लागले. आधी लाकडी आणि नंतर लोखंडी कमानी आल्या. म्हणजे सालाखाली उभा राहून शोधक जे पाहतो, त्यातले सगळे त्या सालाचे नाही.

खरे कोडे तर लोखंडातच आहे. सुमारे ३७८ टन वजनाचे, जवळपास सतराशे ओतीव भाग जोडले आहेत ते सुताराच्या पद्धतीने: कूस-सालीचे सांधे आणि पाचरी. लोखंड कसे जोडावे याचा रिवाजच तेव्हा पडलेला नव्हता. कारागिरांनी ओळखीची सुतारकी लोखंडात उतरवली. एकसारखे भासणारे भागही मापात थोडेथोडे वेगळे आहेत, कारण बरेचसे जागेबरहुकूम स्वतंत्र ओतलेले. इतके अवजड भाग नदीवर उचलले कसे, हा प्रश्न दोनशे वर्षे अनुत्तरित होता. १९९७ मध्ये स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचे एक जलरंगचित्र हाती लागले. त्यात अर्धवट उभारलेला पूल आणि नदीत रोवलेली लाकडी उभारणी दिसत होती. त्या आधारे अभ्यासकांनी कमानीची निम्म्या आकाराची प्रतिकृती उभारून पद्धत पडताळून पाहिली. असा शोध कोणत्या सालफलकावर मावणार?

तेव्हा कोडे जरूर रचावे, पण त्याचे उत्तर पूल पाहिल्याशिवाय सापडू नये. मुख्य कमानीच्या फासळ्या मोजायला लावाव्यात. त्या पाच आहेत, आणि मोजायला पुलाखाली उतरावे लागते. कोणता सांधा पाचरीने आवळला आहे, ते विचारावे. टोलघरावरचा फलक पुरता वाचायला लावावा. टोल कोणाला माफ, या प्रश्नाला तिथे चोख उत्तर आहे: कामावर असलेल्या सैनिकाला नाही, टपालगाडीला नाही, राजघराण्यालाही नाही.