कलावंताची कापलेली बिदागी

खान्देशात जत्रांचा हंगाम सुरू झाला की धुळ्याच्या एकवीरादेवीच्या चैत्री यात्रेपासून अमळनेरच्या वैशाखातील यात्रेपर्यंत गाणारे-वाजविणारे गावोगाव फिरू लागतात. आषाढ लागताच बहुतेकांची मिळकत आटते. श्रावणात कानबाईच्या उत्सवापुरती वही गाणाऱ्यांना काय ती हाक येते. २०२० आणि २०२१ या दोन्ही उन्हाळ्यांत तर जत्रा भरल्याच नाहीत. अशा माणसाला आयकराशी काय कर्तव्य, असे आपल्या चळवळीतील सुज्ञ माणसेही विचारतात. कर हा धनिकांनी बुडवायचा आणि नोकरदारांनी भरायचा विषय, ही सोयीस्कर समजूत आपल्यातही रुजली आहे. ती कलावंताला महागात पडते.

कर न लागणे आणि कर न कापला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे सरकारी खाते, बँक किंवा साखर कारखाना कलावंताला वर्षाकाठी ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक मानधन देतो, तेव्हा दहा टक्के रक्कम आधीच कापून सरकारजमा करतो. (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती.) पॅन नसेल तर वीस टक्के. म्हणजे ६०,००० च्या बिदागीतून ६,००० किंवा १२,००० गेले. वस्तुतः २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आयकर द्यावाच लागत नाही. खान्देशातील किती शाहीर त्या आकड्याच्या आसपास पोचतात? कापलेला पैसा त्यांचाच आहे; परंतु विवरणपत्र भरल्यावाचून तो परत येत नाही. आर्थिक वर्षानंतरचा ३१ डिसेंबर उलटला की तो मिळविणे फार दुष्कर होते. पॅन नसताना कापलेल्या रकमेची तर त्याच्या नावावर नोंदही होत नाही.

कायद्याची नजरही शहरी आहे. २०१६ साली १९६१ च्या आयकर कायद्यात ४४ एडीए हे कलम आले. ठरावीक व्यावसायिकांनी एकूण जमेचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवावा, हिशेबाच्या वह्यांचा जाच नको, अशी ती सवलत. वकील, डॉक्टर यांच्याबरोबर त्या यादीत चित्रपट कलावंतही बसला. नट, गायक, गीतकार, संकलक सारे त्यात आले. तमाशातला सोंगाड्या, वही गाणारा, दुकानांच्या पाट्या रंगविणारा चित्रकार यांचा उल्लेख नाही. यूट्यूबवर अहिराणी गाणे गाणारा तरुण 'चित्रपट कलावंत' ठरतो की नाही, हे सांगायला वकीलच गाठावा लागेल! त्याच १९६१ च्या कायद्याच्या १८० व्या कलमाने दीर्घकाळ खपून ग्रंथ लिहिणाऱ्याला स्वामित्वधनाची रक्कम अनेक वर्षांत वाटून दाखविण्याची मुभा दिली. दोन हंगाम उपाशी राहून तिसऱ्यात कमावणाऱ्या फडकऱ्याला ती नव्हती. १९६१ च्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा येत असताना तीन वर्षांच्या सरासरीची आणि यादीत लोककलावंतांचा स्पष्ट उल्लेख करण्याची मागणी पक्षाने लावून धरावयास हवी होती. अजूनही ती करता येईल.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत मात्र लोककला व शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताला प्रयोगामागे दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे. ती ठाऊक नसल्याने उगाच भीती बाळगली जाते.

सर्वांत बिकट अवस्था फडाच्या प्रमुखाची. सुपारी त्याच्या नावावर येते, पैसे दहा-पंधरा माणसांत वाटले जातात आणि कागदोपत्री सारी रक्कम त्याच्या एकट्याची दिसते. ढोलकीवाल्याला, गाडीवाल्याला दिलेल्या पैशांच्या सह्या घेतलेली एक साधी वही त्याला यातून सोडवू शकते. पुढे त्याच वहीचा दुसरा उपयोगही आहे. शासनाचे वृद्ध कलावंत मानधन २०२४ मध्ये दरमहा ५,००० रुपये झाले. ते मागताना आयुष्य कलेत गेल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि नेमका तोच कोणाजवळ नसतो. जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला द्यावी. पॅनचा अर्ज, कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, विवरणपत्र एवढेच काम असते आणि त्यासाठी हिशेब जाणणारा एक निवृत्त कारकून पुरतो.