पिकाच्या तहानेची नोंद

'सेंद्रिय ट्रान्झिस्टर' हा शब्द आमच्या एका शेतकरी स्नेह्यांच्या कानीं पडला, तेव्हां शेणखतांतून वीज काढण्याचा हा कांहीं नवा उद्योग असावा असें त्यांस वाटलें. त्यांस हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आरंभीं आमचीही समजूत तशीच झाली होती. येथें सेंद्रिय म्हणजे कर्बयुक्त द्रव्याचा केलेला, एवढाच अर्थ. खताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

ट्रान्झिस्टर हा विजेच्या पाटावरील दार होय. रात्रीं दारें धरणाऱ्या गड्यानें फावड्यानें मूठभर माती सारली कीं सबंध पाटाचें पाणी वळतें. त्याचप्रमाणें येथें अल्पशा दाबानें मोठा प्रवाह उघडतो वा मिटतो. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत हें साधन प्रथम सिद्ध झालें. पुढें तें सिलिकॉनचें होऊं लागलें. सिलिकॉन कठीण, आणि पाणी त्याचें वैरी. सजीवांचा व्यवहार मात्र सारा ओलाव्यांतला; रसांत विरघळलेल्या क्षारांच्या विद्युत्भारित कणांवर, म्हणजे आयनांवर, तो चालतो. वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या जातीच्या मऊ द्रव्यांत रसांतील आयन शिरतात आणि तेच दार उघडतात वा लावतात. रस वाहून जाऊं नये म्हणून तो जेलांत धरून ठेवितात. भिजलेल्या सब्जाच्या बियांभोंवतीं जो बुळबुळीत थर धरतो, तसाच हा प्रकार समजावा.

वैद्यकांत या विद्येचें काम वेगानें चाललें आहे. स्वीडनमधील लुंड व लिंशोपिंग येथील संशोधकांनीं २०२३ सालीं झेब्रा माशाच्या शरीरांत एक जेल टोंचलें, आणि शरीरांतीलच साखरेच्या योगानें तें तेथल्या तेथें वीजवाहक बनलें. शिकागो विद्यापीठांतील मंडळींनीं २०२४ सालीं अर्धवाहक द्रव्यच जलयुक्त जेलाच्या रूपांत करून दाखविलें. हृदय व मेंदू यांचे संदेश टिपण्यास याचा उपयोग होईल असें म्हणतात. तो विषय वैद्यांवर सोंपवून आम्ही आमच्या बांधावर येतों.

इटलींतील पार्मा येथील संशोधकांनीं असल्या वीजवाहक द्रव्यांत भिजविलेला कापडी धागा टोमॅटोच्या खोडांतून ओंवला. येथें जेलाचीही गरज पडली नाहीं. झाडाचा रसच तें काम करितो. हा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. २०१९ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, पाणी तोडल्यापासून सुमारें ३० तासांच्या आंत रसांतील आयनांचा फरक धाग्यावरून कळतो. पान माना टाकण्याच्या कितीतरी आधीं झाड आपली तहान सांगून मोकळें होतें ! वनस्पतींस संवेदना आहे हें जगदीशचंद्र बसूंनीं १९०१ सालीं लंडनमध्यें प्रयोगानिशीं दाखविलें होतें; तेव्हां आपल्या देशास ही गोष्ट अगदींच परकी नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. पैसेवारीचे कागद आमच्या हातांखालून गेले. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्या. अंतिम आंकडा पन्नास पैशांच्या आंत आला तर गांवास सवलती, वर गेला तर कांहीं नाहीं. एके वर्षीं एका गांवीं भाद्रपदांत बाजरी हिरवीगार उभी दिसली. बांधावरून पाहून आम्हीं साठ पैसे लिहिले. मळणीस कणसें पोकळ निघालीं. कापणीच्या प्रयोगाचा तुकडा नेमका ओढ्याच्या कडेचा होता, म्हणून अंतिम आंकडा त्रेपन्नावर थांबला. एक म्हातारा ओंजळभर पोंचट दाणे घेऊन आला आणि म्हणाला, "रावसाहेब, हिरवं दिसलं तेवढंच लिवलंत." त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें; आजही नाहीं.

२०१६ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेनें पर्जन्यमान, मातीचा ओलावा व उपग्रहांनीं पाहिलेली हिरवळ यांस महत्त्व दिलें, हें चांगलें झालें. परंतु उपग्रहही हिरवेंच पाहतो, आणि तेंही वरून. पीक कोणत्या दिवसापासून उपाशी राहिलें, याची तारीखवार नोंद कोणापाशींच नसते. ती या धाग्यानें मिळूं शकेल. धागा उत्पन्न सांगत नाहीं, तहान सांगतो, हा भेद मात्र विसरतां कामा नये.

याचा अर्थ उद्यांच खिसा मोकळा करावा, असा आम्ही घेत नाहीं. २०१९ चे प्रयोग राखलेल्या हवेंत, टोमॅटोवर झाले. आपल्या वैशाखाच्या उन्हांत आणि काळ्या जमिनीच्या भेगांत ज्वारी-कपाशी काय सांगेल, हें येथेंच पाहावें लागेल. शिवाय एका झाडाचा धागा सबंध शेताची साक्ष देत नाहीं. ओढ्याकांठचा तो तुकडा आम्ही विसरलेलों नाहीं. किती झाडें निवडावीं, कोठलीं, आणि तीं कोणीं निवडावीं, हाच खरा वादाचा मुद्दा होईल.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. यंत्र विकणारा नोंद स्वतःपाशीं ठेवील, आणि शेतकऱ्यास आपल्याच पिकाची हकीकत वर्गणी भरून घ्यावी लागेल. सातबाराचा उतारा मिळविण्यास लोकांस किती खेटे घालावे लागत, हें आम्हीं टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसून पाहिलें आहे. शेत ज्याचें, नोंद त्याची, हें आधीं लेखी ठरावें. विमा कंपनीस वा सरकारास ती द्यावयाची तर त्याच्या सहीनें.

कृषि विद्यापीठांकडे अर्ज करून ज्वारी व टोमॅटो यांचा एकेक वाफा या कसोटीसाठीं मागावा, आणि ओढ्याकांठचा व माळावरचा असे दोन्ही वाफे असावेत, अशी आमची मंडळाच्या कार्यकारी समितीस विनंति आहे. अर्जाचा मसुदा आम्ही लिहून ठेविला आहे.